एकही मोटार न भरलेला माणूस

आश्रमशाळेची मोटार तिसऱ्यांदा जळून माझ्या टेबलावर आली, तेव्हा चौरे मॅडम तिच्याबरोबर स्वतः टेम्पोत बसून आल्या होत्या. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला मुलींची निवासी शाळा आहे. तिथल्या त्या अधीक्षिका. माझं धुळ्यात मोटार वाइंडिंगचं दुकान. चाळीस वर्षं तेच काम. शिक्षण चौथी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसायला नको.

मी मोटार उघडली. बोअरमध्ये सोडायची मोटार म्हणजे एक लांब नळकांडं. आत तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या असतात, त्यांना कॉइल म्हणतात. सगळ्या मिळून वाइंडिंग. ते जळालं की जुनी तार उपसायची आणि नवी घालायची. आम्ही त्याला मोटार भरणं म्हणतो. ही मोटार मी जानेवारीत भरली, फेब्रुवारीत भरली, आणि मार्चमध्ये ती पुन्हा कोळसा होऊन माझ्यासमोर पडली होती.

“नाना, नेमकं कशानं होतंय हे?” मॅडमनी विचारलं.

“फेज गेला.”

“म्हणजे?”

“खांबावरून तीन तारा येतात, तीन फेज. एक तार गेली की मोटार उरलेल्या दोघींवर कण्हत राहते आणि जळते. लाइट ऑफिसचा घोळ. तुमच्याकडची लाइन सडकी आहे.”

“हे मोबाइलसमोर बोलाल का? माझं ते कोणी ऐकत नाहीत.”

“बोलतो की. मी काय कोणाला भितो?”

मी बोललो. मोटारीचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवून जळकं वाइंडिंग दाखवलं. जानेवारीपासून ही तिसरी वेळ, हेही सांगितलं. चाळीस वर्षांचा अनुभव आहे, हे दोनदा म्हणालो. मॅडमनी तो व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब चॅनलवर टाकला. त्या चॅनलवर एरवी मुलींची नाचगाणी असतात. शिवाय त्यांनी लाइट ऑफिसात लेखी तक्रार दिली. तिच्यात माझं नाव घातलं, ‘अनुभवी कारागिराच्या मते’ असं.

जाताना त्या म्हणाल्या, “नाना, या वेळी टिकली पाहिजे हो. दीडशे मुली आहेत. लांबच्या विहिरीवरून हंडे आणतात, मग अभ्यासाला बसतात. चौथ्यांदा जळाली तर वरून सांगणं आहे, मुलींना घरी पाठवा. परीक्षा तोंडावर आहे. आमच्याकडे या दिवसांत घरी गेलेल्या मुली सगळ्या परत येत नाहीत. काही आईबापाबरोबर कामाला निघून जातात, काहींची लग्नं लागतात.”

मी म्हणालो, “मोटारीची काळजी माझी. तुम्ही लाइनचं बघा.”

तीन दिवसांनी त्यांचा फोन. “नाना, दीडशेच्या वर कमेंट आल्यात तुमच्या व्हिडिओला!”

कमेंट म्हणजे व्हिडिओच्या खाली कोणीही काहीही लिहितं ते. दुपारी दुकानात कोणी नसतं. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा सुरतला असतो. रविवारी फोन करतो, जेवलात का विचारतो, ठेवतो. तेव्हा दुपारला काही काम हवंच होतं. चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट धरून वाचायला बसलो.

पन्नास-साठ जणांनी नुसते हात जोडले होते. ‘नाना ग्रेट’, ‘असे कारागीर आता राहिले नाहीत’. ते मी दोनदा वाचलं, खोटं कशाला बोलू. मग दोघं पुढाऱ्यांवरून भांडत होते, त्यात मोटार कुठेच नव्हती. एकाने स्टॅबिलायझर विकायला फोन नंबर टाकलेला. एकाने लिहिलं होतं, ‘हाच म्हातारा तांबं काढून घेत असेल.’ मोबाइल उलटा ठेवला, बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

परत वाचायला घेतलं तर खाली एक वेगळीच कमेंट. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. नावाच्या जागी इंग्रजीत यूजर आणि पुढे लांबलचक आकडा. मी त्याला नंबरवाला म्हणू लागलो. त्याने लिहिलं होतं:

‘काका, व्हिडिओ थांबवून पाहिला. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या दिसतात. फेज गेला असता तर काही कॉइल कोऱ्या राहिल्या असत्या ना? माझं चुकत असेल तर सांगा.’

मी चिडलो. एक ओळ लिहायला मला दहा मिनिटं लागतात, तरी लिहिली. ‘तू आयुष्यात किती मोटारी भरल्या?’

त्याचं लगेच उत्तर. ‘एकही नाही. म्हणूनच विचारतो.’

मी उठून टेबलाशी गेलो. वाइंडिंग अजून उपसलं नव्हतं. बॅटरी मारली. सगळ्या कॉइल एकसारख्या काळ्या. फेज गेल्यावर काही कॉइल कोऱ्या राहतात, हे मीच दुकानात शिकायला आलेल्या किती जणांना शिकवलंय. मग इथे माझ्या नजरेला कसं पडलं नाही?

कारण मी बघितलंच नव्हतं. वाइंडिंगवाल्याला फेज म्हणायची सवय लागते. गिऱ्हाइकाला दोष दुसऱ्याचा निघाला की बरं वाटतं, आणि आपल्यालाही दुसरं काही शोधावं लागत नाही. दहातल्या सात वेळा फेजच असतो. उरलेल्या तीन वेळाही आम्ही फेजच म्हणतो.

पण हे त्याला कोण सांगणार? मी लिहिलं, ‘फेज नसेल तर व्होल्टेज कमी. दाब कमी पडला की सगळं सारखं जळतं.’

‘बरोबर. पण मोजलं होतं का?’

मोजलं नव्हतं. शाळेत सुपडूभाऊ पंप चालवतो, शिपाईच आहे तिथला. त्याला फोन लावला. आम्ही दोघं अहिराणीतच बोलतो.

“सुपडू, मोटार चालू राहे तवय व्होल्टेजना काटा कोठे राहे?”

“चारशे दहावर, नाना. जागचा हालस नही.”

“नीट दखेल शे ना?”

“रोज दखस ना! मी काय आंधया शे?”

चारशे दहा म्हणजे झकास व्होल्टेज. त्या लाइनला नावं ठेवायला जागा नव्हती. नंबरवाल्याला मी ते कळवलं. त्याने शाबासकीही दिली नाही आणि टोमणाही मारला नाही. फक्त पुढचा प्रश्न लिहिला.

‘काका, जानेवारीच्या आधी ही मोटार जळत नव्हती. मग जानेवारीच्या आधी काय बदललं?’

मी मोबाइल बंद करून खणात टाकला. दोन दिवस काढला नाही.

आमच्या गल्लीत समोरच्या बाजूला यासीनभाईचं दुकान होतं. तोही मोटारीच भरायचा. तीस वर्षं आम्ही रोज भांडलो. मी काही बोललो की तो रस्ता ओलांडून यायचा, मोटार स्वतः उघडून बघायचा आणि म्हणायचा, “नाना, तुम आँखसे नई, मुँसे देखते.” मग आम्ही तासभर वाद घालायचो. कधी तो बरोबर निघायचा, कधी मी. दोन वर्षांपूर्वी तो गेला. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तेव्हापासून मला कोणी चूक म्हणालेलं नाही. गिऱ्हाईक ‘हो नाना’ म्हणतं. मुलगा ‘बरं बाबा’ म्हणतो. मला वाटत होतं, मी चुकायचाच थांबलो.

जानेवारीच्या आधी काय बदललं, ते मला माहीत होतं. मीच बदललं होतं.

यंदा पावसाने ओढ दिली, त्यामुळे डिसेंबरातच त्या बोअरचा पंप हवा ओढायला लागला. पंप एकशे दहा फुटांवर होता. मी गेलो, वीस-वीस फुटांचे सहा पाइप वाढवले आणि पंप दोनशे तीस फुटांवर सोडला. बोअर अडीचशे फूट. तळाशी सोड, पाणी कधी तुटायचं नाही, हा माझा नियम. मी शिकलो तेव्हा मोटारी विहिरींवर असायच्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माणसं पंप खाली घेत. बोअर आले तरी मी तेच करत राहिलो. विहिरीत पाणी कुठून येतं ते दिसतं. बोअरमध्ये दिसत नाही, एवढा फरक होता.

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या जुन्या लँडलाइनवर मॅडमचा फोन आला. आवाज बारीक.

“नाना, लाइट ऑफिसचे साहेब लाइन तपासून गेले. काही दोष नाही म्हणतात. मला पत्र दिलंय, कशाच्या आधारावर तक्रार केली ते लेखी कळवा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाना, फेजच होता ना? नक्की?”

चाळीस वर्षांत मला ‘नक्की का’ विचारणाऱ्याला मी दुकानातून हाकललेलं आहे. मी म्हणालो, “मोटार परवा मी स्वतः घेऊन येतो. तेव्हा सांगतो.”

मोबाइल खणातून काढला. नंबरवाल्याला लिहिलं, ‘डिसेंबरात मी पंप खाली घेतला. तळाशी.’ त्याने विचारलं, ‘बोअरला पाणी किती फुटांवर लागलेलं? तिथल्या कोणाला माहीत असेल तर विचारा.’ आणि खाली, ‘मला काय वाटतं ते आधी सांगत नाही. तुम्ही बघा.’

मोटार भरून टेम्पोत घातली आणि शाळेवर गेलो. सुपडू बोअरपाशीच बसला होता.

“सुपडू, बोअर मारा तवय तू व्हता का आठे?”

“व्हतू ना. गाडीवालास्ना चहा मीच करेल व्हता.”

“पानी कितला फुटवर लागनं?”

“एकशे तीस. फवारा उडना, पोरी नाचन्यात. नंतर अडीचशे लगून गयात, पन खाले काहीच नही. पानी ते वरतीनच येस, नाना.” मग म्हणाला, “आनि मी तुमले त्या रोजेच सांगं व्हतं. मोटार काढी तवय हात लावाये नही इतली तपेल व्हती. पान्यात राहीसन तपेल!”

पाण्यातून काढलेली मोटार हात लाववत नाही इतकी तापलेली होती, हे त्याने सांगितलं होतं, खरं आहे. मी ऐकलं होतं आणि म्हणालो होतो, तू पाण्याचं बघ.

आता सगळं जुळलं. आपण दिसायला एकच पंप बघतो, पण त्याचे दोन भाग असतात. वर पंप, खाली मोटार, आणि मधे पाणी ओढायचं तोंड. झरा खाली असला तर पाणी मोटारीच्या अंगावरून वर चढतं आणि तोंडात जातं. जाताना मोटार गार करतं. एकशे दहा फुटांवर होती तेव्हा असंच चाललं होतं. मी तिला झऱ्याच्या शंभर फूट खाली नेऊन ठेवली. आता पाणी वरून येऊन थेट तोंडात जात होतं. मोटारीभोवतीचं पाणी साचलेलं, तेच तेच, तापत राहिलेलं. बुडालेली होती, तरी उकडून मरत होती. आणि मी दर वेळी ती नवी तार घालून परत त्याच जागी सोडत होतो.

वर घ्यावी तर हवा ओढेल. खाली ठेवावी तर जळेल.

शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. या वयात शिडी चढून वर गेलो आणि नंबरवाल्याला सगळं लिहिलं. खाली चौरे मॅडम उभ्या. “नाना, पडाल! कोणाशी बोलताय एवढं?”

“कामाचंच आहे.”

उत्तर आलं. ‘मोटारीवर बाही घालता येईल का? म्हणजे मोटारीला झाकणारा रुंद पाइप. वरून बंद, खालून उघडा. पाण्याला खाली जाऊन मोटारीच्या अंगावरून वर यावंच लागेल. सहा इंची पाइप घ्या. मी फक्त वाचलंय, केलेलं नाही.’

मी लिहिलं, ‘सहा इंची नको. बोअर साडेसहाचा आहे आणि बोअर कधी सरळ नसतो. मधे अडकून बसेल. मोटार चार इंची आहे. पाच इंची घालतो.’

‘हे मला माहीत नव्हतं. बरोबर.’

शिडी उतरताना मला बरं वाटलं. कित्येक दिवसांनी.

साक्रीहून पाच इंची पीव्हीसी पाइप आणवला. मोटारीपेक्षा लांब कापला, मोटारीवर चढवला. वरच्या टोकाला चिरा मारल्या, गरम करून ते पंपाच्या अंगावर चेपलं, केबलपुरती वाट ठेवली, वरून पट्टा आवळला. पंपाचं तोंड आता बाहीच्या आत. तारेने खालचं टोक मोटारीच्या मधोमध धरलं. हे काम मला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण हात चालले. सोडायच्या आधी मी मॅडमना बाजूला बोलावलं.

“फेज नव्हता, मॅडम. लाइन चांगली आहे. मोटार मीच चुकीच्या जागी सोडली.”

“म्हणजे मी खोटी तक्रार केली?”

“खोटी नाही. चुकीची. तीही माझ्यामुळे.”

“मी त्या पत्राला आता काय उत्तर लिहू?”

“माझं नाव लिहा. आणि मोबाइल काढा, परत शूटिंग करा. त्या दिवशी बोललो तसं आजही बोलतो.”

“अहो नाना, लोक काय काय लिहितील खाली!”

“लिहू द्या.”

सुपडू म्हणाला, “नाना, चष्मा पुसी ल्या. डाग दिसस.” पुसला. बोललो. तिन्ही वेळा मोटार कशी जळाली आणि ती कोणी जाळली, ते सांगितलं. या वेळी अनुभवाची वर्षं सांगितली नाहीत.

मोटार सोडली. सुपडू रोज सकाळी फोन करायचा. “चालू शे, नाना.” पहिला आठवडा मी त्या फोनशिवाय तोंडात पाणी घेतलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. परीक्षा झाल्या. एकही मुलगी घरी पाठवावी लागली नाही. लाइट ऑफिसच्या साहेबांनी मॅडमचं उत्तर फाइलला लावलं आणि विषय संपवला.

दुसऱ्या व्हिडिओखाली मात्र धुमाकूळ झाला. पहिल्या व्हिडिओला हात जोडणारे बरेचसे तिथे आले होते. ‘म्हातारा लबाड निघाला.’ ‘यांना दुकान बंद करायला लावा.’ मी सगळं वाचलं, बोट धरून. एका वाइंडिंगवाल्याने लिहिलं होतं, ‘माझ्याकडे एका गावच्या चार मोटारी अशाच आल्यात, आता विचारतो पाणी कुठे लागलं ते.’ आणि शेवटी नंबरवाला होता. तो आठ-दहा दिवसांनी एकदा लिहायचा, ‘काका, मोटार?’ मी लिहायचो, ‘चालू.’ एवढंच. पण दुपारी दुकान उघडल्यावर मी आधी तेच बघायचो.

मेमध्ये एक दिवस मोबाइल उघडला तर खाली काहीच नाही. फक्त एक ओळ, कमेंट बंद आहेत. मॅडमना फोन केला.

“हो नाना, मीच बंद केल्या. चॅनलच्या सगळ्याच. तुमच्या व्हिडिओवरून लोक आले आणि मुलींच्या नाचाच्या व्हिडिओखाली घाण लिहायला लागले. मुली वाचतात हो ते.”

“बरं केलंत,” मी म्हणालो. तेच बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर आधीच केलं असतं.

एका तासासाठी उघडा, एवढं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. त्या का म्हणून विचारतील, आणि काय सांगायचं? एका माणसाला मोटार चालू आहे म्हणून कळवायचंय?

माझ्याकडे त्याचं काहीच नाही. तो धुळ्याचा की जळगावचा की आणखी कुठला, म्हातारा की पोरगा, मला माहीत नाही. तो नंबरही मी कधी लिहून घेतला नाही. दुसऱ्या लोकांच्या मोटारींच्या व्हिडिओखाली मी अजून शोधतो. हात जोडणारे सापडतात, शिव्या देणारे सापडतात. विचारणारा अजून सापडला नाही.

वाइंडिंगवाल्यांना माझं सांगणं एवढंच. मोटार सोडायच्या आधी पाणी किती फुटांवर लागलं ते विचारा. आणि ज्याने एकही मोटार भरलेली नाही असा कोणी तुम्हाला नीट प्रश्न विचारत असेल, तर चिडून झाल्यावर त्याचं नाव विचारून ठेवा.